अर्ध्या तासाची गरम सीट

...आणि वर तोंड करून तो दुकानदार म्हणतो काय, ‘अर्ध्या तासाचं काम आहे, साहेब!’ अर्धा तास? अहो, तुम्हाला सांगतो, अर्ध्या तासात माझ्याकडून गाडीच्या सीटचे चार बोल्टसुद्धा सुटले नाहीत! चौथा तर असा रुसून बसला, असा रुसून बसला... जाऊ दे.

हौस नव्हती हो मला. कंबर! या थंडीत सकाळी ऑफिसला निघालो की ती सीट म्हणजे बर्फाची लादी, आणि तिच्यावर माझी ही कंबर, म्हणजे ऑफिसला पोचलो की मी उतरतो तो काटकोनातच! वॉचमन धावत येतो, ‘साहेब, काही पडलं का तुमचं?’ म्हणून ती सीटच्या आत बसवायची गरम गादी आणली. तर बायको म्हणते, ‘कशाला ही थेरं? एखादी उशी घ्या.’ उशी!

मेहुणा इंजिनिअर. पुलांचा. पण फोनवर सगळ्यातला! ‘दाजी, कव्हर काढा, गादी चिकटवा, कव्हर घाला. अर्ध्या तासाचं काम!’ काढलं कव्हर. त्याला आतून बारीक लोखंडी कड्या, मोजून बावीस! एकेक पकडीने तोडली, आणि एकेक मला चावली. एवढं झाल्यावर कुठली शिवण कुठे होती तेच आठवेना! मग डोकं चालवलं. शेजारची सीटही काढून आणली, नमुना म्हणून. तीही उघडली. हॉलमध्ये दोन उघड्या सीटा, हुबेहूब जुळ्या बहिणी! बायको म्हणाली, ‘स्टिअरिंग कुठे ठेवताय, टीव्हीपुढे?’

अर्ध्या तासाचं काम... तीन रविवार गेले! मधले दिवस ऑफिसला बसने. उभ्याने! का? तर कंबरेसाठी!

शेवटी एकीत गादी चिकटवली, कव्हरं घातली आणि बसवल्या हो सीटा. बोल्ट आवळले, वायर जोडली. ही वायर त्या बाजूने का येतेय, असं वाटलं होतं मला, नाही असं नाही. पण म्हटलं, येत असेल! बायकोला शेजारी बसवलं, ऐटीत स्विच दाबला, डोळे मिटले. गार! पाच मिनिटं... दहा मिनिटं... गारच! आणि शेजारून आवाज, ‘अगंबाई! अहो, किती छान लागतंय हो हे!’

मेहुण्याला फोन केला. तो म्हणतो, ‘दाजी, चिकटली की संपलं. ओढलीत की आतली तार तुटणार.’ म्हटलं, दुसरी आणतो. तर बायको, ती उशीवाली, म्हणते, ‘हॉलमध्ये परत सीट दिसली तर मी माहेरी. आणि जाईन ती याच सीटवर बसून!’

काय करता? शेवटी नरमाईने घेतलं. म्हटलं, ‘अगं, तू गाडी शिक ना. तू चालव, मी तिकडे बसेन.’

‘शिकते की,’ म्हणाली, ‘स्टिअरिंग तेवढं माझ्या बाजूला बसवून द्या.’ डोळेसुद्धा उघडले नाहीत हो तिने!

...व्हिडिओ शोधतोय.