दाराबाहेरच्या उषाबाई

समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे शेठ सन्माननीय धर्मेंद्रभाई, व्यासपीठावर वेळात वेळ काढून आलेल्या पोटाच्या डॉक्टर सुषमा मॅडम, आजच्या निरोपाच्या सोहळ्याच्या मानकरी उषाबाई, त्यांना अमळनेरला घरी न्यायला आलेला त्यांचा मुलगा प्रशांत, आणि साड्यांच्या घडी-कटिंग खात्यातल्या माझ्या सगळ्या बायांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार. मी योगिता. उषाबाईंच्या शेजारी बसून साड्यांचे लोंबते धागे कापते.

शेठ म्हणाले, उषाबाईंच्या प्रेमळ स्वभावावर चार शब्द बोल. आता त्यावर बोलायचं तर मला आपल्या बाथरूमवर बोलावं लागेल. हसू नका गं! शेठ, तुम्हीही हसू नका, बाथरूम तुमचंच आहे.

मॅडमना माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्या बाथरूमच्या दाराला कित्येक वर्षं कडी नव्हती. त्यामुळे जोडीनं जायचं, अशी आमची रीत. एक आत, दुसरी बाहेर दार ओढून उभी. बाहेरचीनं सारखं बोलत राहायचं, म्हणजे गठ्ठे उचलायला येणाऱ्या पुरुषांना कळावं की आत कुणीतरी आहे. माझी जोडी उषाबाईंशी. डाळीचा भाव, सुनेचे रुसवे, आम्ही राहतो त्या नवागामच्या गल्लीतली भांडणं, सगळं आम्ही दाराआडून बोललोय.

मला क्रोन्स नावाचा आजार आहे. त्यात आतड्याला सूज येते. मॅडमची औषधं चालूच होती आणि मी पोटासाठी त्यांच्याकडे नेमानं जायचे. मध्येच लघवीची जळजळ सुरू झाली. थंडी वाजून ताप यायचा. घराजवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की बरं वाटायचं, पण थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. आमच्या सासूबाई म्हणाल्या, उन्हाळी लागली. त्यांनी धन्याचं पाणी पाजलं, सब्जा पाजला. आमचे हे, म्हणजे गजेंद्र, सचिन गावातल्या कारखान्यातून येताना शहाळी आणायचे. मी सगळं प्यायले. आणि कारखान्यात मात्र पाण्याचा थेंब घ्यायची नाही, कारण प्यायलं की जावं लागतं. काय म्हणावं या अकलेला!

पण खरी गंमत पुढेच आहे. पोटाच्या डॉक्टरांना मी पोटाचं सांगायचे आणि घराजवळच्या डॉक्टरांना लघवीचं. पोटाच्या डॉक्टरांना लघवीचं सांगायचं म्हणजे साडीच्या दुकानात चप्पल मागायची, असं मला वाटायचं. आणि एक गोष्ट तर मी कुणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. लघवी करताना हवा बाहेर यायची. कशी सांगणार हो? कोणत्या तोंडानं?

माझ्या सुट्ट्या इतक्या व्हायला लागल्या की सासूबाई म्हणाल्या, काम सोड आणि गावी जाऊन पडून राहा. मला काम सोडायचं नव्हतं. आणि आज सगळ्यांसमोर सांगते, मी फार घाबरले होते. ताप भरला की वाटायचं, आता काही आपण यातून उठत नाही.

मग एका दुपारी वीज गेली. एरवी मशीनच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नाही. त्या दिवशी सगळं चिडीचूप, मी आत आणि उषाबाई बाहेर. आणि त्यांनी ऐकलं.

"हाई काय व योगिता? सोडानी बाटली उघाडी का तू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "काही नाही मावशी."

"काही नही कसं? मी काय बहिरी शे का?"

मी घाईघाईनं बाहेर यायला निघाले, तर दार उघडेना! रोज दुसऱ्या कुणी उघडू नये म्हणून दार धरणारी ही बाई, त्या दिवशी मला बाहेर येऊ देईना. म्हणाली, "सगळं सांगशी, तवय दार उघडसू."

मी रडले, चिडले, विनवण्या केल्या. शेवटी सगळं सांगितलं. दाराकडे तोंड करून बोलणं सोपं जातं बघा. समोर माणूस नसतं ना.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून उषाबाई माझ्याबरोबर मॅडमकडे आल्या. मी आपलं नेहमीचं सुरू केलं, पोट बरं आहे, भूक बरी आहे. तेवढ्यात ह्या मध्येच, "मॅडम, हिले लघवीमा वारा येस!" बाहेर बसलेल्या पेशंटांनीसुद्धा माना वळवल्या. पण मॅडम हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, हे मला आधी सांगायचं!"

तपासण्या झाल्या. सुजलेलं आतडं लघवीच्या पिशवीला चिकटलं होतं आणि दोघांच्या मध्ये वाट पडली होती. आतड्यातली हवा आणि घाण त्या वाटेनं पिशवीत उतरत होती. मग तिथे धन्याचं पाणी बिचारं काय करणार? औषधं झाली, ऑपरेशन झालं. आतड्याचा खराब तुकडा काढला आणि पिशवीचं भोक शिवलं. आतड्याच्या गोळ्या अजून चालू आहेत, पण ती जळजळ आणि तो ताप परत आला नाही. मॅडमनी मला बजावलंय, हेही सांग म्हणून: प्रत्येक जळजळ म्हणजे हे दुखणं नव्हे, पण आतड्याचा आजार असेल आणि लघवीचा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांच्या कानावर घाला.

निरोपाला काय भेट हवी, असं शेठनी विचारलं तेव्हा उषाबाईंनी बाथरूमला कडी मागितली. शेठ, तुम्ही चांगली स्टीलची बसवलीत, तुमचे आभार. काल मीच पहिली आत गेले आणि ऐटीत कडी लावली. तर बाहेर आवाजच नाही, आणि मला होईना! म्हटलं, "मावशी?"

"आठेच शे वं माय, दारना बाहेर. बोल."

बायांनो, कडी आली तरी आपण जोडीनंच जाऊ. उद्यापासून बाहेर मी उभी राहते.

शेठचे, मॅडमचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. जेवणाच्या तोंडावर हे असलं बोलले, काही चुकलंमाकलं असेल तर धाकटी समजून पोटात घाला. आता उरले फक्त उषाबाईंचे आभार, आणि ते काही मला समोरासमोर मानता येईनात. मावशी, तुम्ही जरा त्या दाराबाहेर उभ्या राहता का?