मोतीबिंदू पिकेपर्यंत

(चष्म्याच्या दुकानाची मागची खोली. भिंतीवर अक्षरांचा उजळलेला तक्ता. पार्टिशनपलीकडे काच घासायचं यंत्र चालू आहे.)

आई: ...तर जीभ खोटं बोलेल, डोळा कधी बोलायचा नाही. आमच्या घरात आजतागायत कुणी कुणाशी लबाडी केलेली नाही, लिहून ठेव.

नंबरवाली: ठेवते. पण बोटांच्या फटीतून बघू नका, काकू. डावा डोळा नीट झाका.

आई: एवढुस्सं बघितलं. सगळेच बघत असतील.

नंबरवाली: सगळेच बघतात. आता फक्त उजव्याने. सगळ्यात वरचं मोठं अक्षर दिसतंय का? नसेल दिसत तर सरळ नाही म्हणा, मला कल्पना आहे.

आई: वरचं कशाला, खालची ओळ वाचते की. न, ब, क, ट, ल. त्याच्याखाली बारीक काहीतरी छापलंय. छापखान्याचा पत्ता दिसतोय.

नंबरवाली: उजव्याने?

आई: तूच म्हणालीस ना उजव्याने! आणि हे काकू काय गं अजून? लग्न ठरून चार महिने झाले, आता आई म्हणावं.

नंबरवाली: हो, म्हणजे... काकू, हनुवटी इथे टेकवा बरं. डोळ्यात बघू द्या.

आई: बघ, बाई. पोराला म्हटलं तुझ्याकडे आण, तर चार महिने उद्या-परवा चाललंय. आज आपली मीच आले.

नंबरवाली: काकू, या डोळ्यात भिंग बसवलेलं आहे.

आई: असणारच. मोतीबिंदू काढला ना.

नंबरवाली: कधी?

आई: थंडीत. यानेच नेलं, यानेच दिवसातून चारदा घड्याळ लावून थेंब घातले. बोलला नाही तुला?

नंबरवाली: पण मुलाचं लग्न ठरल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होता ना?

आई: मी? अगं, मला एकाचे दोन चंद्र दिसत होते. याचं लग्न ठरायची वाट बघत बसले असते तर आंधळीच झाले असते!

नंबरवाली: तुम्ही जरा बाहेर बसून फ्रेम बघता का? पाचच मिनिटं.

आई: नंबर किती निघाला ते तरी सांग.

नंबरवाली: तुमचं उत्तम आहे. आता तुमच्या मुलाचा काढते.

आई: काढ, काढ. त्यालाही हल्ली कमीच दिसतं.

नंबरवाली: (आई बाहेर गेल्यावर, पार्टिशनपलीकडे जाऊन) यंत्र बंद कर.

काचवाला: एवढी कडा झाली की...

नंबरवाली: बंद कर!

काचवाला: केलं. आईला तपासलंस वाटतं.

नंबरवाली: चार महिने! चार महिने मी तुझी होणारी बायको म्हणून वावरतेय. कशासाठी? तर एक म्हातारी हट्टाला पेटलीय, बिचारीचे डोळे जातील. ऑपरेशन झालं की आपलं फिसकटलं म्हणून सांगू, हे तूच म्हणालास. तुझ्या मावशीकडे जाऊन मी लाजले. मला लाजता येत नाही, तरी लाजले!

काचवाला: छान लाजलीस. मावशीने खास फोन केला होता.

नंबरवाली: आणि ऑपरेशन त्याच्या आधीच झालेलं!

काचवाला: फार आधी नाही. सहा आठवडे.

नंबरवाली: खोटारडा!

काचवाला: आहे. पण सरळ विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?

नंबरवाली: नाही म्हणाले असते. तेव्हा.

काचवाला: तेव्हा?

नंबरवाली: शब्दात पकडू नकोस. मला वेडं बनवलंस त्याचं काय? उद्यापासून याच खोलीत बसायचंय मला, तुझं ते यंत्र ऐकत.

काचवाला: चुकलो. खरंच. मध्यंतरी संपवायलाच निघालो होतो. आई तयार झालीय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन उरकून टाकू, असं म्हटलं तुला. तुझ्याकडे बघवत नव्हतं म्हणून. तू काय म्हणालीस?

नंबरवाली: आठवत नाही.

काचवाला: म्हणालीस, घाई नको, मोतीबिंदू अजून पिकू दे. महिन्याने परत विचारलं. परत तेच, पिकू दे.

नंबरवाली: पिकावा लागतो.

काचवाला: आपल्या आज्यांच्या वेळी लागायचा. आता पिकायची वाट कुणी बघत नाही. मागे पोस्टर आहे तसं. तूच चिकटवलंस.

नंबरवाली: ते कंपनीने पाठवलं होतं.

काचवाला: आणि डोळा तर तू बघितलाही नव्हतास.

नंबरवाली: म्हणजे तुला तेव्हाच कळलं?

काचवाला: मी काचा घासतो, पण बारा वर्षं चष्म्याच्याच दुकानात घासतो.

नंबरवाली: मग तेव्हाच बोलायला काय झालं होतं?

काचवाला: बोलायची धमक असती तर आईचा मोतीबिंदू मध्ये घातला असता का?

नंबरवाली: शोभतं का आपल्याला हे? एका बाईच्या डोळ्याच्या आडून...

काचवाला: नाही शोभत. आता विचारू? सरळ?

नंबरवाली: विचार. आधी कपाळावरची भुकटी पूस. त्या बाजूची नाही. थांब, मीच पुसते.

काचवाला: करशील लग्न? खरोखरचं?

नंबरवाली: करीन. पण एक अट. यापुढे खोटं बोलायचं झालं तर आधी मला विचारून.

काचवाला: कबूल. आईला कसं सांगायचं?

नंबरवाली: काय सांगणार? आमचं ठरलं म्हणून?

काचवाला: तेही खरंच. तिच्या लेखी ते कधीच ठरलंय.

आई: (आत येत) झालं का गं? ही तपकिरी घेते मी. भांडत होता ना दोघं? भांडा, लग्नाआधीच उरकून घ्या. हॉल मिळालाय.

नंबरवाली: हॉल?

काचवाला: कसला हॉल, आई?

आई: कसला म्हणजे? लग्नाचा! अठ्ठावीस तारीख, सकाळची. तुम्ही दोघं हलेनात, मग मीच सांगून टाकला. फक्त बारा वाजता निघायचं, आणि खुर्च्या मांडलेल्याच ठेवायच्या. दुपारी तिथे सोसायटीची वार्षिक सभा आहे.