ताईंशी बोलून घ्या

—बरं केलंस, त्या संशोधनाला हो म्हणालीस ते. बस इथे पंख्याखाली. अगं, भाऊ तुझा तरणाताठा आहे, ट्रकखाली सापडूनही श्वास चालू आहे, म्हणजे आयुष्याची दोरी बळकट आहे त्याची. आणि डॉक्टर म्हणजे देवमाणूस! आमच्या ह्यांचं पोट असंच फाटलं होतं— कारखान्यात मशीनचा पट्टा तुटून बसला— तेव्हा मीही ह्याच बाकावर, पाचावर धारण बसलेली. आणि आज बघ, वरच्या वॉर्डात पडल्या पडल्या माझ्यावर खेकसतात. खेकसतोय म्हणजे माणूस सुधारतोय, नाही का?

संशोधन म्हटलं की लोक उगाच घाबरतात. नवी पद्धत की जुनी, ते कॉम्प्युटर ठरवतो, चिठ्ठी टाकल्यासारखं. नवी आली तर पोट लगेच शिवत नाहीत— दोन-तीन दिवस उघडंच ठेवतात, वर नुसतं प्लास्टिक— अगं, डोळे नको असे मोठे करूस, माणूस बेशुद्धच असतो ना! डॉक्टरांनी सांगितलंच की तुला. पण त्यांना कुठला वेळ, दोन वाक्यं बोलतात आणि म्हणतात, ताईंशी बोलून घ्या. मी आपली एवढंच सांगते, आमचे हे वाचले. खोटं आहे का? वाचलेच आहेत.

काय? नाही, ह्यांचं पोट उघडं नव्हतं ठेवलं. ह्यांना जुनी आली, त्याच दिवशी टाके. पण ते कोण विचारतं? तूही नाही विचारलंस मघाशी. मागच्या आठवड्यात त्या मावशी होत्या, त्यांनीही नाही— काल मुलाचे कपडे न्यायला आल्या, तर जिन्यात मला बघून तोंड फिरवलं. आता त्यांच्या पोराला नवी आली, त्याला मी काय करू? जुनी आली असती तर वाचलाच असता, असं थोडंच आहे! तेच तर शोधतायत ना ते. माझ्या हातात काय असतं गं? ह्यांचं अजून एक ऑपरेशन बाकी आहे, खाट डॉक्टरांच्या शब्दावर टिकलीय. डॉक्टर मला कधी एका शब्दाने हे कर म्हणाले नाहीत हं, नुसते दारात उभे राहतात आणि म्हणतात, ताई, खाली कुणीतरी रडतंय. मग मी येते.

आणि तू कशाला रडत होतीस— नाही म्हटलं तर भावाला तसाच ठेवतील म्हणून? छे, वेडी का काय! नाही म्हटलंस तरी ऑपरेशन झालंच असतं की, जुन्या पद्धतीने, लगेच. असं कोण सोडून—

म्हणजे, मी तसं नव्हते म्हणाले मघाशी. मी म्हणाले, वेळ घालवू नकोस, हो म्हण. तू काय समजलीस ते— अगं, कुठे निघालीस? ऑपरेशनचं दार नको ठोठावूस! तो लाल दिवा लागलाय बघ. आता आतून कुणी येत नाही. बस. बस म्हणते ना... हे बघ, मला वर जायला हवं, ह्यांच्या औषधाची वेळ झालीय. तू मात्र वर येऊ नकोस हं. ह्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही.