दोन्हीकडून बुजवलेली गळती

थोरला : त्यांना सांगा, दोर इतक्यात सोडू नका म्हणावं. इंजिन आधी गरम होऊ दे.

डॉक्टरीण : कोणाला सांगू? ते तुमच्या शेजारीच उभे आहेत.

धाकटा : मलाच सांगायचंय, बाई. तुम्ही माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीत तरी पोचतं. आणि त्यांना कळवा, दोराला मी अजून बोटही लावलेलं नाही.

डॉक्टरीण : तुम्ही सख्खे भाऊ ना?

थोरला : एका आईचे. बोटही दोघांच्या नावावर आहे. म्हणून तर विकायची.

धाकटा : भांडी वाटून घेता येतात, कपाटं वाटून घेता येतात. बोट मधोमध कापली तर दोघंही बुडतात.

डॉक्टरीण : माझ्या दवाखान्यात नवरा-बायको येतात अशी. दात त्याचा दुखतो आणि बोलते ती. बरं, फेरी मागाहून मारू. आधी मला बोट वाजवून बघायचीय.

थोरला : वाजवून?

डॉक्टरीण : माठ घेताना वाजवून घेतो, तशी. माझा एक पेशंट बोटी बांधायचा. तो म्हणाला, फायबरची जुनी बोट असेल तर लाकडी हातोडीनं ठोकत जा. खणखणीत वाजली तर निरोगी, भद्द वाजली तर आत काहीतरी सडलंय. हातोडीही त्यानंच दिली. तसंही, ठोकून बघणं हे माझं रोजचंच काम.

थोरला : ठोका खुशाल. डेक माझ्याकडे असतं. आरशासारखं ठेवलंय. सकाळी निघायचं, किनारा धरून जायचं, उन्हं उतरायच्या आत परत. हिला भर समुद्रात कधी दमवली नाही.

डॉक्टरीण : डेक तुमच्याकडे. मग ह्यांच्याकडे काय?

धाकटा : खालचं सगळं. इंजिन, केबिन, मोरी. वर राजा, खाली प्रजा.

थोरला : त्यांना सांगा, विकायला बोट काढलीय, टोमणे नाहीत.

धाकटा : टोमणे बोटीबरोबर फुकट आहेत म्हणावं.

डॉक्टरीण : मी ठोकते. तुम्ही खाली जाऊन ऐका बरं. … हं. चांगलं आहे. इथंही चांगलं. मागच्या कठड्याशी चांगलं. … आणि हे?

थोरला : काय झालं?

डॉक्टरीण : पुन्हा ऐका. इकडे टक. इकडे भद्द. हे बघा, टक. आणि हे भद्द.

धाकटा : खाली पण तसंच ऐकू येतंय, बाई! ओल्या गोणीवर बुक्की मारल्यासारखं.

थोरला : शक्य नाही. तिथं भद्द वाजायचं कारणच नाही. ती जागा मी माझ्या हातानं बुजवलीय.

धाकटा : कोणी बुजवलीय? त्यांना विचारा, कोणी?

डॉक्टरीण : विचारलं असं समजा.

थोरला : कठड्याच्या बोल्टापाशी पाणी मुरत होतं. आमचं बिनसलं त्या पावसाळ्यातली गोष्ट. भेगेत फायबरचा भराव घातला, घासला, वरून रंग दिला. थेंबाची आत शिरायची बिशाद नाही.

धाकटा : बाई, त्यांना सांगा, त्याच जागेला खालून मी भराव घातलाय. केबिनच्या छताला. त्याच पावसाळ्यात. आईच्या गादीवर ठिपकत होतं.

थोरला : खालून? हे ह्याला करायला कोणी सांगितलं होतं?

धाकटा : कोण सांगणार? बोलत कोण होतं?

डॉक्टरीण : जरा थांबा. वरचं फायबर आणि खालचं फायबर, ह्यांच्या मधे काय असतं?

थोरला : लाकूड. पातळ फळ्या. त्यानं डेक हलकं राहतं आणि पायाखाली लवत नाही.

डॉक्टरीण : म्हणजे पाणी त्या लाकडात मुरलेलं होतं. ह्यांनी खालून वाट बंद केली, तुम्ही वरून. ते जाणार कुठं? असे दात मी नेहमी बघते. वरून चांदी भरलेली, आत कीड.

धाकटा : म्हणजे दोघांपैकी एकानं आळस केला असता तरी लाकूड वाळलं असतं.

थोरला : आळस तर तुझ्या पाचवीला पुजलेला. नेमका तेव्हाच कसा हुरूप आला तुला?

डॉक्टरीण : हे मी सांगायचं होतं, की परस्पर गेलं?

थोरला : … चुकून गेलं.

डॉक्टरीण : आईची गादी म्हणालात. त्या असतात कुठं?

धाकटा : महिनाभर त्यांच्याकडे, महिनाभर माझ्याकडे. तिच्यावरूनच तर सगळं फाटलं. दोघांनाही ती बारा महिने हवी होती.

डॉक्टरीण : हे भांडण मी पहिल्यांदाच ऐकतेय. एरवी उलटं असतं.

थोरला : ती यायची बोटीवर. पुढच्या केबिनमध्ये, त्या गादीवर मांडी घालून बसायची. खिडकीतून पाणी बघत देवाचं काहीतरी गुणगुणायची. आधी हळू. मग तिला रंग चढला की वर सुकाणूपर्यंत ऐकू यायचं.

धाकटा : यायचं, कारण मी इंजिन मंद करायचो.

थोरला : तू मंद करायचास? मला वाटायचं डिझेलमध्ये कचरा येतोय. दोनदा टाकी धुवून घेतली मी!

धाकटा : मीच तर धुतली ती. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, सुकाणू कोणाच्या हातात आहे, तुझ्या की माझ्या?

थोरला : म्हणालो असतो. खरं आहे.

डॉक्टरीण : आणि आता त्या येत नाहीत?

धाकटा : नाही येत. म्हणते, “तुम्हा दोघांच्या मधे देवसुद्धा अवघडून बसायचा नाही, मी तर म्हातारी बाई. बोलायला लागलात की हाक मारा, चप्पल पायात सरकवून येते. नाहीतर विका ती बोट आणि व्हा मोकळे.”

डॉक्टरीण : तुम्हाला विकणं सोपं वाटलं.

थोरला : सोपं नाही वाटलं. जमेलसं वाटलं.

डॉक्टरीण : मी आज ही बोट घेत नाही. तेवढी जागा उघडा, सडकं लाकूड काढा, वाळू द्या. मग मला बोलवा. किंवा बोलावू नका.

धाकटा : बाई, तुम्ही गेलात तर आमचं टपालखातंच बंद पडेल.

डॉक्टरीण : पडू द्या. वरच्याला खालचं दिसत नाही, खालच्याला वरचं. एकानं भोक पाडायचं, दुसऱ्यानं सांगायचं कुठं. तिथं मी मधे उभी राहून कोणाकोणाकडे बघून मान हलवू? हातोडी ठेवून जाते. परत द्यायला या, पण दोघं मिळून या. एकट्याकडून घेणार नाही.

(डॉक्टरीण धक्क्यावर उतरून निघून जाते. थोरला डेकवर, धाकटा खाली केबिनमध्ये.)

थोरला : … ऐकतोयस का?

धाकटा : कोणाला विचारतायत ते?

थोरला : धाकट्या, इथं दुसरं कोण आहे?

धाकटा : ऐकतोय. बोल, दादा.

थोरला : खालून ठोक. कुठं आहेस ते कळू दे.

धाकटा : हे घे.

थोरला : डावीकडे सरक. तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडे. अजून थोडा. हां, इथंच. डोकं बाजूला घे, ड्रिल घालतोय.

धाकटा : डोळे मिटलेत मी. चालव.

थोरला : डोळे मिटून काय होणार, गाढवा? डोकं बाजूला घे म्हणतोय!

धाकटा : घेतलं, घेतलं. … आलं! टोक आलं! थांबव!

थोरला : पाणी?

धाकटा : येतंय. काळंकुट्ट. वास मारतोय नुसता.

थोरला : येऊ दे. बोटानं मोकळं कर. मीही वरून थोडं उकरतो.

धाकटा : दादा, आईची गादी भिजली रे. काढून ठेवायचं सुचलंच नाही.

थोरला : मलाही नाही सुचलं. वर दे, उन्हात टाकू. ती छतातली पुढची झडप उघड.

धाकटा : गादी जड झालीय.

थोरला : ढकल तू. धरलीय मी. … हां, सोड आता.

धाकटा : संध्याकाळी आई विचारेल, बोट विकली का म्हणून. काय सांगू?

थोरला : सांग, गादी वाळत घातलीय.