ठकूबाईच्या पायाखालची वाट

ऐका. धुळा, आधी ती विडी विझव, डोळ्यांत धूर येतोय माझ्या. आणि पोरींनो, ते मोबाईल ठेवा बाजूला. परवा तुमचे दोन शहाणे भाऊ मोबाईलमधला नकाशा बघत काळकड्याच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, गेले होते ना? रेंज गेली, नि उजाडेपर्यंत करवंदीच्या जाळीत बसले! मी हसले नाही हो. एवढंच म्हटलं, माझी सासू असती तर!

माझी सासू ठकूबाई. आपल्या धनगरवाड्याची सुईण. खाष्ट? अगं बाई, विचारू नका! सकाळ-संध्याकाळ वाजायचं आमचं. मी तिला आत्याबाई म्हणायची, तेसुद्धा तोंड वाकडं करून.

तर त्या दिवशी ती खालच्या गावात भावाकडं गेलेली. इकडं माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण मी, आणि पोर आडवं! दुसरी सुईण नाही. निरोप पोचला तेव्हा दिवेलागण झालेली. भाऊ म्हणाला, "आक्का, उजाडू दे. सड्यावर चकवा आहे."

ती म्हणाली, "त्याला सांग, मला सवड नाही." आणि कंदील घेऊन निघालीसुद्धा.

चकवा ठाऊक आहे ना? वाट चुकवणारं भूत. हात लावत नाही, नुसतं फिरवतं. फिरवतं, फिरवतं, आणि कड्यावर नेऊन सोडतं.

सड्यावर आली, तसं धुकं उतरलं. फूऽऽ! कंदील गेला. आभाळात एक चांदणी दिसेना. चालली, चालली, तर वाळकी जांभळ आली. पुढं गेली, पुन्हा तीच जांभळ! आणखी पुढं, पुन्हा तीच! मग उजव्या हाताला दिवा दिसला, आपल्या वाडीचाच वाटावा असा. वळली तिकडं. पायाखालचा एक खडा घरंगळला, आणि पडल्याचा आवाजच आला नाही. कडा, बायांनो, कडा!

मागं सरली. तेवढ्यात हाक आली, "आई! ओ आई! इकडं या, मी मरते!" आवाज माझाच. गोड, अगदी कळवळून.

ठकूबाई थबकली. आणि मग काय केलं असेल? हसली! त्या अंधारात, एकटी! ओरडली, "अरे मुडद्या, माझ्या सुनेनं जन्मात मला आई म्हटलेलं नाही!"

मग तिनं वहाणा काढल्या आणि डोळे मिटले. हो, मिटले! चकवा डोळ्यांना फसवतो, कानांना फसवतो. पण भुताचे पाय जमिनीला लागतात कुठं? त्याला पायाखालचं काय कळणार! सड्याचा कातळ खरबरीत, टोचरा. पण आपल्या वाडवडलांची पावलं नि मेंढरांचे खूर जिथनं गेले, तिथं तो गुळगुळीत झालाय. टोचलं की थांबायची. पायानं चाचपायची. गुळगुळीत लागलं की पुढं सरकायची. तो कानाशी बोंबलत होता, आई, आई! ही ढुंकून बघेना.

दारात आली तेव्हा तळपायांतनं रक्त गळत होतं. हात धुतले, तेल घेतलं, पोर फिरवलं. पहाटे हा धुळा रडला. हाच, विडीवाला!

मी अर्धमेली पडलेली. तिचे ते पाय बघितले, आणि माझ्या तोंडातनं निघालं, "आई..."

ती ताडकन उठली. दाराकडं बघून ओरडली, "मेल्या, इथवर आलास?"

"अहो, मी आहे," म्हटलं, "मीच हाक मारली." तेव्हा कुठं खाली बसली. पदर तोंडाला लावून रडली हो ती खाष्ट बाई.

तेव्हा सांगून ठेवते, अंधार पडल्यावर त्या सड्यानं जायचं नाही. नाही म्हणजे नाही! चकव्याला हरवणारी ठकूबाई एकच होती, आणि ती माझी सासू होती.