कान तुटलेला कप

—घ्या की आत्याबाई, कावून हात मागं घेतला? कप ओळखला वाटतं! ह्योच त्यो. मला कावीळ निघाली म्हणून तुमी गोठ्यात खुंटीला येगळा टांगला होता, आन् चार वर्सांमागं माझ्यासंगंच दाराबाहेर फेकला — तवा कान तुटला त्याचा. सून गेली, कप गेला, दीपमाला तेवढी ठेवून घेतलीत — अंगावर पिणारं लेकरू माझं! आता रडू नका. केजच्या स्टँडावरचं माझं चहाचं हाटेल हाय हे, गिऱ्हाइकं बघतेत.

तुमचाबी रिपोर्ट तसलाच आला म्हणता? दारात पाय टाकलात तवाच डोळे पिवळे दिसले मला. काय म्हणलात, गावात सांगू नको? आन् माझं कुणी सांगितलं? रोहिणीच्या उष्ट्यानं घर नासंल, असं हौदावर बायांना तुमीच म्हणलात ना? उष्ट्यानं न्हाई होत ओ ते! बीडच्या सिस्टरनं समजून सांगितलं मला — कपानं न्हाई, ताटानं न्हाई, लेकराला कुशीत घेतल्यानंबी न्हाई. हेपॅटायटिस बी म्हणतेत ह्या काविळीला, रक्तानं होतंय. रक्त वाळलं, डाग दिसंना झाला, तरी त्याच्यात ह्यो रोग आठवडाभर जित्ता राहतो. आता आठवा — ऊसतोडीला गेलतो आपण, पाचटाच्या कोपीच्या कुडात एकच ब्लेड खोचलेलं. तुमी पायाचं कुरूप कापायच्या, पदराला पुसून परत खोचायच्या. दुसऱ्या दिशी त्याच ब्लेडानं मी माझं कापायची. तुमचा आजार लई जुना हाय म्हणतेत ना डॉक्टर? मग कुणी कुणाला दिला, सांगा! आन् कप मात्र माझा येगळा! रोज ह्याच्यातच चहा पिते मी, राग निवू नये म्हणून. सांगणार, हौदावरच सांगणार — जाऊ द्या तुमचंबी ताट गोठ्यात, बघा कसं वाटतंय — 

थांबा. आता कुरूप कापायचं ब्लेड कुठं असतंय? दीपमालाची नखं कोण काढतंय? बोला की! तुमी? त्याच ब्लेडानं?

उठा. चहा राहू द्या. ती जीप गावाकडंच निघालीय. सांजच्या आत पोरगी हितं आणा, तिचं रक्त तपासायचंय, लस द्यायचीय. आणली तर तोंड शिवून घेते. न्हाई आणली, तर मी येते हौदावर.

जावा. आन् ह्यो कप घेऊन जावा — तुमाला लागंल.