दुसऱ्याच्या खुंट्यावरचे जाळे

मी, प्रणय दयाराम भगत, वय २१ वर्षे, धंदा मासेमारी, शिक्षण कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडले, रा. खालची आळी, कोळीवाडा, ता. मुरूड, जि. रायगड. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, वडील दयाराम, वय ६३, व आई मनुबाई राहतो. घरची होडी आहे, ती वडील हाकतात. आमच्याकडे समुद्रात प्रत्येकाचे खुंटे ठरलेले असतात. जाळे आपल्याच खुंट्याला बांधायचे. दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावला तर ती चोरी धरतात.

पावसाळ्यानंतर होड्या सुरू झाल्या तेव्हापासून वडील मला सारखे विचारायचे, "कालेज कवा उघडतंय?" कॉलेज सुटल्याचे त्यांना माहीत होते, म्हणून मला तो टोमणा वाटायचा. होडी खाडीत घेताना खडक कुठल्या हाताला, हेही मलाच विचारू लागले. मला वाटले, माझी परीक्षा घेतात. आईने डॉक्टरचे नाव काढले. मी म्हणालो, काही झालेले नाही, नाटके आहेत सगळी.

काल सकाळी वडिलांनी गणराज पाटील यांचे जाळे ओढले. मी अडवले तर म्हणाले, "आपलंच जालं हाय. वड." गणराज यांची मुलगी प्राप्ती हिच्याशी मला लग्न करायचे आहे. ते मोडावे म्हणून वडील मुद्दाम करतात, असा माझा समज झाला. बंदरावर गणराज म्हणाले, "दया, सोयरीक जुळवायला आलास का म्हावरं पळवायला?" लोक हसले. प्राप्ती तिथेच होती. मी वडिलांना म्हणालो की उद्यापासून माझ्या होडीत पाय ठेवायचा नाही. होडी वडिलांच्या नावावर आहे.

त्यावर वडील मला म्हणाले, "दादा, तुमी कोनाचे?"

लोक पुन्हा हसले. मी निघून गेलो.

आज पहाटे वडील घरात नव्हते, होडीही नव्हती. अंगात पांढरा गंजीफ्रॉक व डोक्याला लाल रुमाल आहे. मोबाईल घरीच आहे. होडीत डिझेल किती होते ते सांगता येणार नाही, काल मी भरले नाही.

शेजाऱ्यांच्या होडीतून आमच्या खुंट्यांवर जाऊन पाहिले, तिथे नाहीत. गणराजकाका स्वतःच्या खुंट्यांवर बघायला गेलेत, ते अजून आलेले नाहीत. अजून कुठे गेले असतील, असे मला विचारले. बाहेर सगळ्या गावाचेच खुंटे आहेत. त्यांना आज कोणते आपले वाटले, ते मला माहीत नाही.

वर लिहिलेले हवालदारांनी मला वाचून ऐकवले. मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करतो.